आबांच्या गळ्यातलं इंजिन

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळेला कारण एकच होतं: मी लॉरी चालवत होते. खाली गाडी मात्र ड्रायव्हिंग स्कूलची होती, पांढरी आणि डब्यासारखी छोटी.

पहिल्या वेळी अमरावतीच्या आरटीओच्या मैदानावर परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "उजवीकडे घ्या." मी काच खाली केली आणि अख्खा उजवा हात बाहेर काढला. साहेबांनी आधी हाताकडे पाहिलं, मग बाहेर माझ्या ओळखीचं कोण उभं आहे ते पाहिलं. "मॅडम, इंडिकेटर आहे नं गाडीले!"

दुसऱ्या वेळी हात आत ठेवला, पण पायाने घात केला. मी गिअर बदलताना क्लच दोनदा दाबते. एकदा दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, इंजिनाकडे कान द्यायचा, परत दाबायचा आणि मग पुढचा गिअर. एवढं सगळं होईपर्यंत चढावरची गाडी मागे यायला लागली.

"दोन-दोन खेपा कावून दाबून राहिल्या? कोनी शिकवलं हे?"

मी सांगितलं नाही. तशी मी कमीच बोलते. शाळेत तास इंग्रजीत आणि मधल्या सुट्टीतली भांडणं वऱ्हाडीत, त्यामुळे दोन्हीकडे वाक्य जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. मग बघत बसायची सवय लागली. शिवाय शिकवणाऱ्याचं नाव घेतलं असतं, तर त्यांनाही नापास केल्यासारखं झालं असतं.

शिकवलं आबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी. ते अकोल्यातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर होते. अकोटच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी उचलायच्या आणि अकोल्याच्या मालधक्क्यावर उतरवायच्या, हे कंपनीचं काम. कंपनीकडे पाच विलायती लॉऱ्या होत्या. सगळ्या नाकवाल्या, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या पुढे एका लांब नाकात. दोन गोल दिवे आणि त्यांच्यावर पत्र्याच्या पापण्या, त्यामुळे लॉरी कायम आत्ताच झोपेतून उठल्यासारखी दिसायची. आबांसमोर तिला ट्रक म्हटलेलं चालत नसे. "ट्रक आता हायेत. थ्या लॉऱ्या होत्या."

कंपनी बंद झाली तेव्हा चार लॉऱ्या विकल्या गेल्या. पाचवी शेठजींनी शाल-नारळाऐवजी आबांना दिली आणि जुन्या गोदामामागच्या प्लॉटवर उभी करायची मुभाही दिली. दारावर कंपनीचं नाव रंगवलेलं होतं, त्यातलं आता फक्त 'आणि बंधू' उरलं आहे.

मी वाचायला शिकले तेव्हा आबांनी मला पहिल्यांदा लॉरीत चढवलं. स्टिअरिंगखाली एक पितळी पट्टी होती, ती वाचून दाखवायची होती. मी एकेक अक्षर लावत 'मेड इन इंग्लंड' वाचलं. आबांनी प्लॉटच्या चौकीदाराला हाक मारली. "पाह्य, माही नात विलायती गाडीचं विलायती वाचून राहिली!" चौकीदाराने मला तीन वेळा वाचायला लावलं.

त्या विलायतीपणाने पुढे एकदा घोटाळाही केला. मी दहाएक वर्षांची असताना वेगाच्या काट्याखाली बारीक अक्षरांत 'माइल्स' असं लिहिलेलं माझ्या लक्षात आलं. कंपनीचा नियम होता की चाळीसच्या वर गाडी न्यायची नाही, आणि आबांनी तो आयुष्यभर पाळला होता. मी वहीवर हिशेब केला आणि भीत भीत सांगितलं की ते चाळीस म्हणजे आपले चौसष्ट. आबांनी काट्याच्या काचेवर बोट ठेवलं.

"म्हनजे अख्खी कंपनी पयत होती?"

"हो."

"आन् शेठजी म्हनत, आपले ड्रायव्हर लय सबुरीचे!" मग ते इतके हसले की त्यांना लॉरीतून उतरून हसावं लागलं.

कंपनीत नवा ड्रायव्हर तयार करायची एक रीत होती. जुना उस्ताद डाव्या बाजूला बसायचा, डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा आणि नवख्याला अकोटहून भरलेली लॉरी अकोल्याला न्यायला सांगायचा. उस्तादाला बघायचं नसायचं, ऐकायचं असायचं. गिअर टाकताना दात कर्रकन घासले की मांडीवर एक चापट. एकही चापट न खाता मालधक्का आला, तरी उस्ताद शाबासकी द्यायचा नाही. तो दुपट्टा सोडून फक्त विचारायचा, "पोचलो का?" या दोन शब्दांवर माणूस ड्रायव्हर व्हायचा. आबांना ते तिसऱ्या खेपेला मिळाले होते.

मी आठवीत गेल्यापासून सुट्टीतल्या दर रविवारी आबा मला प्लॉटवर न्यायचे. दहा मिनिटं इंजिन चालवून तिचं रक्त ढवळायचं, मग बंद. "डिझेल का शिकवन्यात जाळाचं?" त्यानंतर शिकवणी सुरू. बंद लॉरीत मी स्टिअरिंगवर आणि आबा डोळ्यांवर दुपट्टा बांधून डावीकडे. इंजिनाचं काम ते गळ्याने करायचे. आधी खोल घर्रघर्र, मग वेग वाढला की आवाज चढायचा, चढत चढत अशा जागी यायचा की आता गिअर बदलला नाही तर त्यांना खोकला येईल. तिथे मी क्लच दाबायची. चुकले की ते 'कर्रर्र' असा आवाज काढायचे, आणि त्यासाठी कवळी वापरायचे. उजवीकडे वळायचं तर हात सरळ बाहेर. थांबायचं तर तोच हात खालीवर. उभ्या लॉरीत मी अशा कितीतरी वेळा अकोल्याला जाऊन आले.

या पावसाळ्यानंतर शेठजींच्या मुलांनी तो प्लॉट विकला. लॉरी हलवायची होती. तिवशाजवळच्या एका ढाबेवाल्याने निरोप पाठवला की ढाब्यापुढे उभी करायला तो लॉरी नेईल, अकोट रोडवर ट्रेलर पाठवेल. पण रोडपर्यंत ती आपण आणायची. नाही आली, तर त्याच दुपारी गॅस कटर घेऊन भंगारवाला तुकडे करणार होता. प्लॉटपासून रोडपर्यंत दोन भिंतींमधली शंभरेक पावलांची गल्ली आहे आणि तिच्या शेवटी चढ. क्रेन आत येत नाही. ट्रेलरचा दोर चढाच्या माथ्यापर्यंतच पोचतो. आणि आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनच दिवसांपूर्वी झालेलं होतं. दुसरा डोळा आधीपासूनच नावापुरता.

तरी ते आले. काळा चष्मा लावून, बाबांचा दंड धरून. भंगारवाला निंबाखाली खुर्ची टाकून चहा पीत होता. "काका, चालू द्या निवांत. मले काई घाई नाही." त्याची घाई परवडली असती.

इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. ट्रेलरचा ड्रायव्हर मोठ्या ऐटीत चढला, क्लच दाबला, गिअर टाकला. कर्रर्र. परत टाकला. कर्रर्र. प्रत्येक आवाजाला आबा आपल्याच दाढेला हात लावत होते.

"तिचे दात पाडशीन बे! दोन खेपा दाब!"

"कायले दोन खेपा? आमच्या गाडीत बोटानं पडते गिअर." चौथ्या कर्रर्रला तो उतरला. "हे गाडी नाही आबाजी, हे शिक्षा आहे."

भंगारवाल्याने कप खाली ठेवला. आबांनी चाचपडत लॉरीचं नाक शोधलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "हिले बसवा."

सगळे माझ्याकडे वळले. मी इकडेतिकडे पाहिलं, पण तिथे दुसरी कोणी 'ही' नव्हती.

"आबा, ती दोनदा नापास झाली," बाबा म्हणाले.

"कायच्यात?"

"कारच्या टेस्टमध्ये. हात बाहेर काढते, क्लच दोनदा दाबते."

आबांचा चेहरा उजळला. "मंग बरोबरच करते नं! कारमंधी नापास झाली, लॉरीत कुठी झाली?"

नाही म्हणायला मला वाक्य जुळवावं लागलं असतं. त्यापेक्षा चढणं सोपं होतं. ट्रेलरवाल्याने आबांना डाव्या बाजूला चढवलं. त्यांनी चष्म्याआडचे दोन्ही डोळे मिटले आहेत, हे मला बाजूने दिसलं. बाबा एक मोठा दगड घेऊन मागच्या चाकाजवळ गेले. गाडी मागे आली तर चाकाखाली टाकायला. वडिलांचा विश्वास इतका वजनदार असतो, हे मी तेव्हा पाहिलं.

क्लच दोनदा दाबून मी दुसरा गिअर टाकला आणि लॉरी निघाली. निघाली म्हणजे खरंच निघाली, भिंती मागे सरकायला लागल्या. आजवर मी या सीटवर बसून कधी एक इंचही पुढे गेले नव्हते. गल्ली संपत आली, चढ लागला आणि लॉरीचा दम जड झाला. आता पहिला गिअर घालायचा. तोच सगळ्यात अवघड, आणि चुकला की थेट मागच्या भिंतीवर. मी इंजिनाकडे कान दिला आणि घाबरले. खरं इंजिन आबांसारखं वाजत नव्हतं. त्यात भांडी होती, पाऊस होता, कुणीतरी टिनावर नाचत होतं. मला माझी जागा सापडेना.

"आबा, कळत नाही!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी आजवर कुठल्याच भाषेत बोलले नव्हते.

आबांनी डोळे न उघडता गळा सुरू केला. खोल घर्रघर्र. इंजिनावरून त्यांचा आवाज असा येत होता, जसा वर्गात मागच्या बाकावरून कुणी उत्तर सांगावं. आवाज बसत गेला, बसत गेला. मी क्लच दाबला, गिअर मोकळा, क्लच सोडला. आबांनी गळ्यानेच एक 'घुंऽऽ' चढवला. मी तो अ‍ॅक्सिलरेटरवर पायाने चढवला. परत क्लच. दांडा पुढे.

काही झालं नाही. म्हणजे आवाज झाला नाही. लॉरी थोडी थरथरली आणि चढू लागली. मागे बाबांच्या दगडाचा धप्प आवाज आला. त्यांनी तो टाकून दिला होता.

माथ्यावर ट्रेलर उभा होता. थांबायचं म्हणून मी उजवा हात बाहेर काढला आणि खालीवर केला. ट्रेलरचा ड्रायव्हर बाजूने धावत येत होता. "आता टाटा कोनाले करून राहिली वं बाई? ब्रेक दाब, ब्रेक!" ब्रेक मी दाबलेलाच होता.

इंजिन बंद केलं. खाली गल्लीत भंगारवाला खुर्ची घडी करत होता. आबा डोळे मिटून तसेच बसून होते, दोन्ही हात मांडीवर. गळ्यातलं इंजिन अजून बारीक चालू होतं. मग तेही थांबलं.

"पोचलो का?" त्यांनी विचारलं.