पाण्याकडची ओसरी

मोठ्या बाबांना कुणी हाक मारली, की ते आधी उठून उभे राहत आणि मग "काय?" म्हणत. जेवत असोत, पेपर वाचत असोत, गुडघ्याला तेल लावत बसलेले असोत. हाक कानावर पडली की ताट बाजूला आणि मोठे बाबा उभे. शेजारचं पोर आपल्या बापाला हाक मारत असलं तरी हे अर्धवट उठत, आणि आपल्यासाठी नाही हे कळल्यावर हळूच खाली बसत. आम्हा भावंडांना त्याचं हसू यायचं. आई मात्र अशा वेळी डोळे वटारायची आणि कारण विचारलं की विषय बदलायची.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून गावोगाव जायचे आणि भूत, भानामती, अंगात येणं याविरुद्ध बोलायचे. पारावर उभं राहून जिभेवर कापूर जाळून दाखवायचे. आमचं बौद्ध घर, देवघर नव्हतंच, त्या जागी मोठ्या बाबांचा "काऊन?" होता. दूध नासलं तरी ते विचारायचे, "काऊन नासलं?" नुसतं "नासलं" म्हणून भागत नसे. "कारण असते," ते म्हणायचे. "उशिरा सापडते, पण असते." चहा करणाऱ्याच्या मागे उभं राहून, पाणी एकदा उकळलं की ते आणखी गरम होत नाही, मग गॅस मोठा ठेवून काय मिळतं, हे समजावून सांगायचे. माझ्या आईनं एकदा पातेलं त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "घ्या भाऊजी, तुमीच करा." त्यांनी केला. पत्ती टाकायची विसरले.

देऊळगाव राजाच्या रस्त्यावरून आत वळलं की सिंचनाचं एक जुनं तळं लागतं. त्याच्या काठी मोठ्या बाबांचं घर होतं. दोन खोल्या, वर पत्रे आणि पाण्याच्या बाजूला लोखंडी पाइपांवर उभी केलेली ओसरी. तिथल्या शाळेत होते तेव्हा त्यांनी ते बांधलं. त्यांची बायको, आमची मोठी आई, त्याच तळ्यात बुडून गेली. हिवाळ्यात गोधड्या धुवायला उतरली आणि दगडावरून पाय सरकला, एवढंच मला माहीत होतं. त्यानंतर मोठे बाबा घराला कुलूप लावून बुलढाण्याला आमच्याकडे आले, ते कायमचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

पण दर हिवाळ्यात शनिवार आला की माकडटोपी चढवून ते एसटीनं तळ्यावर जात आणि रविवारी परत येत. उन्हाळ्यात, पावसाळ्यात कधी नाही. आम्हाला वाटायचं, तुरीच्या शेंगांसाठी जात असतील. येताना पिशवीभर आणायचे.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि एसटीची पायरी चढवेना. तेव्हा आईनंच काढलं, की घराची डागडुजी करून घेऊ. नवी फरशी, आत संडास-बाथरूम, आणि ओसरी चारी बाजूंनी बंद करून तिसरी खोली. म्हणजे सगळ्यांनाच जाता येईल. माझ्या कचेरीला शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यामुळे तो सगळा हिवाळा मी दर शनिवारी मोठ्या बाबांना गाडीत घालून तळ्यावर नेलं. ओसरीचं तेवढं ते टाळत राहिले. "ते शेवटी पाहू," म्हणायचे. "आधी आतलं होऊ द्या."

रफिक नावाचा गवंडी काम करत होता. मोठ्या बाबांचं आणि त्याचं दर खेपेला एकदा तरी वाजायचं. बाथरूमचा उतार दारापर्यंत आणला म्हणून मोठ्या बाबांनी बादलीभर पाणी ओतून त्याचे पाय भिजवले होते. "गुरुजी," तो म्हणायचा, "तुम्ही मास्तरकी सोडली, पण मास्तरकीनं तुम्हाला नाही सोडलं." मग दोघं एकाच ताटलीत शेंगा सोलत बसत.

काम सुरू झाल्यावर काही दिवसांनी, एका दुपारी, मी मागच्या खोलीत खिडकीचा जुना रंग घासत होते. पाण्यावरून वारा सुटला होता. आणि पाण्याच्या बाजूनं कुणीतरी हाक मारली. "अ...हो." पहिलं अक्षर खालच्या सुरात, दुसरं वर गेलेलं. बाईचा आवाज. घाईतला नाही, मोठाही नाही. रोजच्या माणसाला रोज मारावी तशी हाक. मला क्षणभर वाटलं, आई आली. पण आई बुलढाण्याला होती. मी ओसरीत गेले. मोठे बाबा बाजेवरून उठून उभे राहिले होते. तोंड पाण्याकडे. तळ्यावर दूरवर एक बगळा सोडला तर काही नव्हतं.

"मोठे बाबा, कोण बोललं?"

त्यांनी मागे हात नेऊन बाज चाचपली. मग म्हणाले, "वारा हाय." आणि बसले. "काऊन?" हा शब्द त्यांनी त्या वेळी उच्चारला नाही. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच घडत होतं.

रफिकच्या हातातली थापी तशीच राहिली होती. "गुरुजी, हा आवाज मी मागच्या रविवारी पण ऐकला," तो म्हणाला. "मला वाटलं, आपलाच भास. काम करायला भीती नाही, पण आवाज आला की हात थांबतो."

त्यानंतर आम्ही तो पुष्कळदा ऐकला. वारा पडलेला असला की दिवसभर काही नाही. आणि मग दुपार कलताना, "अ...हो." मी घाबरट नाही. मोठ्या बाबांच्या हाताखाली वाढले. पण त्या घरात पाण्याकडे पाठ करून बसायला मी धजेना. जेवायला बसताना आम्ही तिघंही भिंतीला पाठ लावून, तळ्याकडे तोंड करून बसू लागलो, आणि तसं का बसतो हे कुणीच बोललं नाही.

मग कुणीतरी तो आवाज मोबाइलवर पकडला. आमच्याच कामावरचा मजूर असेल. आठवड्याभरात तो चिखली, जालन्यापर्यंत फिरला. "तळ्यातली बाई हाक मारते" म्हणून. पुढच्या शनिवारी आम्ही पोचलो तर ओसरीच्या कडेच्या पाइपाला हिरव्या बांगड्या बांधलेल्या, खाली नारळ, लिंबं, हळदकुंकू. ज्या माणसानं आयुष्यभर पारावरची लिंबं उचलून लोकांसमोर चोखली, त्याच्या दारात लिंबांचा ढीग पडला होता. मोठ्या बाबांनी ती लिंबं एकेक उचलून पिशवीत भरली. रागावले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रविवारी दुपारी लोक जमले. आजूबाजूच्या गावांतले, काही मोटारसायकलींवर लांबून आलेले. सगळ्यांच्या पुढे, अगदी पाइपाजवळ, मंदाबाई बसली होती. तळ्यापलीकडच्या वस्तीवरची, साठीच्या घरातली बाई. तिचा तरुण मुलगा गणेश मासे धरायला तळ्यात गेला, तो परत आला नव्हता. होडी सापडली, तो सापडला नाही. मोठे बाबा बाहेर आले तशी तिनं पदर पसरला.

"मास्तर, तुमच्या बाईले इचारा ना. ते पाण्यात हाय. तिले दिसत असन. माया गणेश कुठी हाय, एवढं इचारा."

मोठे बाबा उभे होते. वारा सुटला होता. आणि आवाज आला. "अ...हो." कुणीतरी हात जोडले. मंदाबाईनं कपाळ जमिनीला टेकवलं आणि ती बोलू लागली, आवाजाशी, जणू समोर कुणी बसलं आहे. "बाई, त्याले थंडी वाजते वो. त्याले लहानपणापासून थंडी सोसत नाई. तुमच्या गोधडीत घ्या त्याले."

मोठ्या बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. बाजेवरची आपली माकडटोपी उचलून त्यांनी डोक्यावर घातली, परत काढली. मग काठी टेकत पाइपाजवळ गेले. त्या पाइपाला वरच्या अंगाला, पत्र्याच्या खाली, बोल्टसाठी पाडलेलं, पुढे बोल्ट गळून गेलेलं एक रिकामं भोक होतं. ते पाण्याच्या बाजूला, खालून न दिसणाऱ्या जागी. मोठ्या बाबांनी वर पाहिलं नाही. चाचपलंही नाही. हात सरळ वर नेला आणि अंगठा नेमका त्या भोकावर ठेवला.

आवाज बंद झाला.

अंगठा काढला. "अ...हो." ठेवला. बंद. वारा तसाच वाहत होता, तळ्यावर लाटा तशाच येत होत्या.

"बासरी वाजते ना, तसं हाय," ते लोकांना म्हणाले. आवाज त्यांचा वर्गातला होता, पण अंगठा अजून भोकावरच होता. "पोकळ पाइप हाय. हिवाळ्यात वारा पाण्याकडून येते, या भोकावरून जाते. बाकीच्या दिवसांत वारा दुसरीकडून असते, म्हणून वाजत नाई. इथं कोणी बाई नाई. जा घरी."

एक पोरगा चिडून म्हणाला, "मंग इतके दिवस काऊन नाई सांगितलं?" मोठ्या बाबांनी हात खाली घेतला. त्यांनी रफिककडे पाहिलं. "घमेल्यात माल शिल्लक हाय का रे?"

न चाचपता हात भोकावर गेला तेव्हाच रफिकला सगळं कळलं होतं. "गुरुजी, राहू द्या," तो हळू म्हणाला. "उद्या करू."

"आण."

त्यांनी मूठभर ओलं सिमेंट घेतलं आणि स्वतःच्या हातानं भोकात दाबलं. दाबून झाल्यावरही पंजा तिथंच ठेवून उभे राहिले, पाइपाला टेकून. लोक पांगले. मोटारसायकलींचे आवाज लांब गेले. वारा होता, पण तळ्याकाठी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी त्यांना हाताला धरून बाजेवर बसवलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"ते गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात," ते म्हणाले. "कारण शोधल्याशिवाय मी राह्यलो असतो का? बोट ठेवून पाह्यलं अन् काढून घेतलं. मंग कधी ठेवलं नाई." बोटांवरचं सिमेंट ते दुसऱ्या हाताच्या नखानं खरवडत होते. "ते गेली त्या दिवशी मी आत पेपर तपासत बसलो होतो. तिनं हाक मारली. अशीच. मी म्हटलं, आलो. अन् हातातला पेपर पुरा केला. लय नाई, एकच पेपर. बाहेर आलो तं गोधडी तरंगत होती."

मंदाबाई अजून बसलेली होती, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. ती पदर सावरत म्हणाली, "मास्तर, मायी आस तुमी काढून घेतली. पण तुमची बी गेली."

"हाव," मोठे बाबा म्हणाले. मग बाजेवर सरकून त्यांनी तिच्यासाठी जागा केली. ती बाजेवर बसली नाही, खालीच बसली. मोठ्या बाबांनी विचारलं, "बाई, तुमचा गणेश कसा होता?"

त्या हिवाळ्यातले राहिलेले शनिवार-रविवार असेच गेले. ओसरीच्या भिंती उठल्या, पाण्याच्या बाजूला मोठी खिडकी बसली. रफिकचं काम आत चाले आणि बाहेर उन्हात मोठे बाबा नि मंदाबाई बसलेले असत. ती चाऱ्याचा भारा टेकवून यायची, दिवस कलला की उठायची. मी चहा द्यायला गेले की दोघं गप्प व्हायची. परत येताना गाडीत मी एकदा विचारलं, काय बोलता एवढं? ते म्हणाले, "आवाज होता तवर मले बोलाचं काम नव्हतं. आता नाई तं बोला लागते." घराबद्दल मात्र त्यांनी एकदाही बरं किंवा वाईट म्हटलं नाही. फक्त निघताना दार लावायला वेळ लावायचे. कुलपाला हात घालून कान देऊन उभे राहायचे, आणि मग स्वतःशीच मान हलवून गाडीत येऊन बसायचे.

पावसाळ्यात ते गेले. बुलढाण्याच्या दवाखान्यात, चार दिवसांच्या तापानं. शेवटच्या दिवशी नर्सनं शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला हाक मारली, तर हे सलाइन लावलेल्या हातानिशी उठायला लागले. आईनं खांदे धरून निजवलं. "भाऊजी, तुमाले नाई बोलावलं," ती रडत म्हणत होती. "पडून राहा, तुमाले नाई बोलावलं."

यंदा थंडी पडल्यावर मी एकटीच तळ्यावर गेले. घर उघडलं, खिडकी पुसली. दुपारी मंदाबाई भारा घेऊन आली. आत डोकावून म्हणाली, "मास्तर नाई आले?" तिला कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी सांगितलं. ती तिथंच दारात बसली, डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन. मग बोलू लागली, मोठ्या आईबद्दल. मोठी आई शीळ वाजवायची. कॅरममध्ये मास्तरांना हरवायची आणि हरले की त्यांना भांडी घासायला लावायची. लग्नात ती नवऱ्यापेक्षा उंच दिसू नये म्हणून मास्तरांनी बुटांत पुठ्ठा घातला होता आणि तो भर मंडपात बाहेर आला होता. मोठ्या बाबांसोबत एका घरात मी वाढले. यातलं अक्षरही त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मंदाबाई मात्र ते असं सांगत होती, जणू त्या मांडवात ती जेवली होती.

उन्हं उतरली तशी ती उठली. मी भारा डोक्यावर द्यायला हात लावला. चुंबळ नीट करत ती म्हणाली, "गणेश होता, मंग तुयी मोठी आई आली, आता मास्तर. मायाजवळ तिघं झाले बाई. एकटीले जड होते. तू येत जाय."