साडूची फटफटी आणि मराठी आठ

सन एकोणीसशे छप्पन. मी तेव्हा चौतीस वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण मोटार हाकायला लागून बारा वर्षं झाली होती. पिंपरीला कारखान्यांची बांधकामं निघायला लागली होती. तिथल्या एका ठेकेदाराची लांबलचक काळी मोटार माझ्या हातात असायची. चिंचवडातून चालत निघालो तरी लोक म्हणायचे, "डायव्हर निघाले." खंडाळ्याचा घाट मी असा उतरायचो की मागं बसलेल्या मालकाची झोप मोडायची नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायचं, ह्याला हाकताच येत नव्हतं. येत होतं. चांगलं येत होतं.

माझी सासुरवाडी कुरुळीची. सासऱ्यांना एक मुलगा, दोन मुली. थोरली माझ्या घरी, धाकटी साडूच्या घरी. साडू देहूरोडला लष्कराच्या डेपोत कारकून होता. सातवी पास, माझ्याहून लहान, आणि दात पांढरेशुभ्र. सासऱ्यांकडं पंगत बसली की पहिला पाट माझा, थोरला जावई म्हणून. त्यात कुणाची मेहरबानी नव्हती, रीतच ती.

त्या वर्षी मेव्हण्याच्या पोराचं बारसं निघालं. आम्ही नवराबायको यष्टीनं नाशिक रस्त्याला उतरलो आणि धुळीतून चालत घरी गेलो. मी पायांवर पाणी घेतोय तोच बाहेर फट फट फट आवाज झाला. साडू! लष्करी लिलावात निघालेली फटफटी घेतली होती त्यानं. हिरवा रंग खरवडून काळा दिलेला, टाकीवर पिवळी रेघ. मागं माझी मेव्हणी, पदराचं टोक दातात धरून हसत बसलेली. सगळी आळी गोळा झाली. सासरे तर अनवाणीच ओट्यावरून खाली आले. मालकाची मोटार सासऱ्यांनी पिंपरीत डोळ्यांनी पाहिली होती, माझ्याच हातात. तेव्हा नुसती मान हलवली होती.

पंगत बसायला लागली. सासरे म्हणाले, "धाकटं पावणं, या, हितं बसा. हादरं खाऊन आलाय तुमी."

तो पहिला पाट होता.

साडू म्हणाला, "नको मामा, तो साडूभाऊंचा आहे."

"आवो, त्ये घरचंच हायत. बसा वो तुमी."

मी दुसऱ्या पाटावर बसलो. ताटात पुरणपोळी होती, असं बायको नंतर म्हणाली. मला काही आठवत नाही.

परतताना यष्टीत बायको खिडकीबाहेर बघत बोलत होती. "धाकली म्हणत व्हती, वारं असं लागतंय, जनू कुनी तोंडावरनं हात फिरवतंय."

मी म्हणालो, "बारा वरसं मोटार हाकतोय मी."

"व्हय. मालकाची. मी कवा बसले तिच्यात?"

मोशीचा पूल गेला, भोसरी आली. उतरताना मी म्हणालो, "पुढच्या बारीला तुला माह्यारी फटफटीवरनं नेतो. अन् हाकनार मी."

"कुनाच्या फटफटीवरनं?"

"त्ये माझं मी बघतो."

माझं मी बघायच्या आत तिनंच बघितलं. बहिणीच्या कानावर घातलं असणार. दुसऱ्याच रविवारी साडू फटफटी घेऊन आमच्या दारात हजर. "साडूभाऊ, घ्या शिकून. मला डेपोच्या ट्रकनं जाता येतं. राहू द्या तुमच्याकडं." माणूस खवट असता तर मला सोपं गेलं असतं, दार लावून घेतलं असतं. पण ह्याच्या मनात काही नसायचं, हीच तर पंचाईत. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर बायकोनं चहा टाकला होता.

साडू म्हणाला, "लायसन मात्र वेगळं काढावं लागेल. तुमच्या लायसनवर फटफटी चालत नाही."

"चार चाकं हाकतोय. ही तर निम्मीच हायत."

"निम्मी आहेत म्हणूनच पडतात, साडूभाऊ."

हसला. दात दिसले.

आता त्या यंत्राबद्दल सांगतो. मोटारीत क्लच पायाला, गिअर हाताला. फटफटीत क्लच हाताला, गिअर पायाला. बारा वर्षं ज्यानं जे काम केलं, ते त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यायचं. तरी ते मी पहिल्याच दिवशी जमवलं. चिंचवडच्या नदीकाठानं झकास फेरी मारून आलो, साडूसमोर ब्रेक दाबला आणि मोटारीत बसतो तसा ऐटीत बसून राहिलो. मोटार थांबवली की उभी राहते. ही थांबवली की आडवी होते. झालीच.

साडू धावला. "पाय टेकायचा, साडूभाऊ!"

"म्हाईत हाय मला. आपसूक उभी राहती का बघत व्हतो."

गुडघा सोलला होता. धोतर चिकटलं त्याला, पण मी खाली पाहिलं नाही. जाताना तो म्हणाला, "परीक्षेला आठ काढायला लावतात. पाय न टेकता. बरेच लोक त्यातच नापास होतात. दाखवू का काढून?"

"आठ येतो मला," मी म्हणालो. दुसरीत का होईना, शाळेत गेलो होतो मी. सातवी पासानं मला आठ दाखवायचा म्हणजे फारच झालं.

मग मी रोज कामावरून आल्यावर फटफटी नदीकाठच्या पडीत न्यायचो आणि आठ काढायचो. वर थोडी रेघ घ्यायची, मग पोटाला बाक देत खाली यायचं आणि शेवटी शेपूट उजवीकडं सोडून द्यायची. पाटीवर गिरवला होता तसाच, तंतोतंत. पाय टेकायचं काम नाही. एवढ्या सोप्या गोष्टीत माणसं नापास कशी होतात, हेच मला कळेना. वाटलं, कारकुनांना जड जात असेल.

परीक्षेचा दिवस शनिवारचा. रविवारी कुरुळीला त्याच पोराचं जावळ होतं, आणि मी बायकोला सांगून ठेवलं होतं, शनिवारी लायसन, रविवारी माहेर. साडू रजा काढून आला. पुण्यापर्यंत हाकायला माझ्याकडं लायसन नव्हतं, म्हणून तो पुढं आणि मी मागं. बारा वर्षांचा डायव्हर, त्याच्या कमरेला धरून. पिंपरीवरून जाताना मी मान खाली घातली, ओळखीचं कुणी बघायला नको.

मैदानात पाचसहा उमेदवार होते. इन्स्पेक्टर खुर्चीत बसलेले, हातात छडी, शेजारी शिपाई. माझं मोटारीचं लायसन बघून म्हणाले, "वा, जुने ड्रायव्हर दिसताय. काढा आठ."

मी काढला. असा काढला की काय सांगू. वरची रेघ, पोटाचा बाक, शेपूट. शेपूट सोडून सरळ फाटकापाशी गेलो, थांबलो, पाय टेकला. वळून बघतो तर सगळे माझ्याकडंच बघतायत.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "हे काय?"

"आठ."

"कुठला आठ?"

मी बोटानं हवेत काढून दाखवला. "ह्यो. पाटीवर काढत्यात तो."

आधी शिपाई हसला, मग उमेदवार हसले, मग इन्स्पेक्टरांची छडीच खाली पडली. एकटा साडू हसला नाही. पुढं येऊन म्हणाला, "साहेब, बरोबर आहे त्यांचं. मराठी आठ काढलाय. आपल्याला इंग्रजी हवा होता."

सगळे हसले ते मला तेवढं लागलं नाही. तो माझ्या बाजूनं बोलला, ते लागलं.

इन्स्पेक्टर डोळे पुसत म्हणाले, "आता इंग्रजी काढा."

"इंग्रजी येत न्हाई मला."

"अहो, फटफटीला तरी कुठं येतं?" असं म्हणून त्यांनी छडीनं मातीत एक गोल काढला आणि त्याला चिकटून दुसरा.

"हा आठ? ही तर दोन पूज्यं हायत. एकाला एक लावलेली."

"हो, तीच काढा."

"मग तसं सांगायचं साहेब. दोन पूज्यं काढा म्हनायचं." आणि मी काढली. एकदा नाही, तीनदा काढली. त्यांनी पुरे म्हटलं तरी आणखी एकदा काढली. पास झालो.

येताना मी पुढं, साडू मागं. रस्ताभर वाट बघत होतो की हा आता काहीतरी बोलेल. एक अक्षर बोलला नाही. घरीही माझ्या बायकोला एवढंच म्हणाला, "पहिल्या फटक्यात पास. इन्स्पेक्टर खूश." मग मला म्हणाला, "उद्या फटफटी तुम्हीच न्या कुरुळीला. आम्ही दोघं यष्टीनं येतो." आणि चालत स्टेशनाकडं गेला.

बायकोला काय करू नि काय नको असं झालं. रविवारसाठी इरकली लुगडं काढून उशाला ठेवलं. भाकरी वाढताना म्हणाली, "पावण्यांचं मन बगा किती मोठं. सोता यष्टीनं येनार अन् गाडी आपल्याला दिली. आमचं आबा तर उद्या त्यांच्या पाठीवरनं हात फिरवतील."

घास माझ्या हातातच राहिला. खरंच होतं ते. मी फटफटीवरून उतरणार, सगळी आळी बघणार, आणि सासरे म्हणणार, धाकट्या पावण्यांनी दिली. मागून धुळीत चालत साडू येणार, आणि पहिल्या पाटावर त्यालाच नेऊन बसवणार. गाडीवरून आला म्हणून एकदा पाट गेला होता, आता गाडी दिली म्हणून जाणार. ह्या माणसानं मला कुठूनच वाट ठेवली नव्हती.

"भाकरी गार व्हतीया," बायको म्हणाली.

"उद्या लवकर उठ," मी म्हणालो. "लांब जायाचंय."

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी फटफटी पुसून काढली, बायकोला मागं बसवलं आणि मुंबई रस्त्याला लागलो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. आधी घट्ट, मग जरा सैल, मग तिनं तो पदर सावरायला उचलला तो पुन्हा ठेवलाच नाही. मागं ती काहीतरी बोलत होती, वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. हसत होती एवढं कळत होतं.

मग तिच्या लक्षात आलं. "आवो, कुरुळी तिकडं राहिली की!"

मी देहूरोडला साडूच्या दारात जाऊन थांबलो. तो तोंडात राखुंडी घेऊन बाहेर आला. मी म्हणालो, "पावनं, तुमची फटफटी तुमच्या दारात. लई उपकार झालं. आमी यष्टीनं येतो."

तो चूळ भरेपर्यंत आम्ही रस्त्याला लागलो होतो. बायकोचे केस वाऱ्यानं पार विस्कटले होते आणि तोंड लाल झालं होतं, रागानं की कशानं, मी विचारलं नाही. थांब्यावर ती म्हणाली, "आता पुन्याला जायचं, तिथनं नाशिक रस्त्याची यष्टी धरायची. पंगत उठलेली असंल तवर. पाट काय, पाटाची रांगोळीबी दिसनार न्हाई तुमास्नी."

"मग दुसऱ्या पंगतीला बसू," मी म्हणालो. "तिचा पयला पाट माझा."

थोड्या वेळानं साडू आणि मेव्हणी फट फट करत आमच्यासमोरून कुरुळीकडं गेले. साडूनं हात केला. बायकोनंही केला. मी पुण्याची यष्टी येतेय का ते बघत होतो.