पूर्णेवरचं उघडं दार

अमरावती आणि अकोल्यामधल्या खारपाणपट्ट्यावर, म्हणजे जिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही त्या मुलखावर, एक माहितीपट होत होता. कॅमेरा माझ्याकडे होता. दिग्दर्शक बाईंना पूर्णा नदी डोंगराच्या पायथ्यापासून अकोल्याकडे सलग दिसायला हवी होती. एवढं अंतर ड्रोनला झेपत नाही, म्हणून हेलिकॉप्टर ठरलं.

मला उंचीची भीती लहानपणापासून. चिखलदऱ्याला कड्याजवळ मी बसून सरकत जायचे. पण कॅमेरा डोळ्याला लावला की भीती कमी होते, या भरवशावर मी हो म्हटलं. मदतीला माझा मोठा भाऊ होता; आम्ही लग्नांची कामंही मिळूनच करतो.

कॅमेरे दोन होते. बाईंना लांब लेन्सचा मोठा हवा होता, पाणी भरणाऱ्या बायांचे चेहरे टिपायला. लांब लेन्समध्ये हेलिकॉप्टरची थरथर फार दिसेल, असं मी सांगून पाहिलं. शेवटी आधी मोठाच वापरायचं ठरलं. चित्रीकरणासाठी आमच्या बाजूचं दार काढून ठेवलेलं होतं. पायलटनं बजावलं की दारातून एखादी वस्तू उडून शेपटीच्या पंख्यात गेली, तर कुणीच परतणार नाही. मी लेन्सवरची टोपी काढली, ओढणी काढली, खिसे रिकामे केले. सीटच्या पट्ट्याशिवाय अंगावर आणखी एक पट्ट्यांचा साज होता, त्याची दोरी तळाच्या कडीला अडकवलेली. ती मी ओढून पाहिली, भावानं ओढून पाहिली, मी पुन्हा ओढली.

सकाळच्या थंडीत अमरावतीहून निघालो. वलगाव मागं पडलं आणि पुढं नदी दिसली. मला नीट दिसावी म्हणून पायलटनं हेलिकॉप्टर आमच्या दाराकडे कलवलं. कॅमेऱ्याचं वजन पुढं सरकलं. कमरेशी काहीतरी सैल झालं, मला वाटलं स्वेटर असेल. तेवढ्यात मागून भावानं माझ्या पाठीवरचा पट्टा मुठीत आवळला. कानातल्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, एकदम हळू.

"हालू नको. तुह्या कमरेचा पट्टा सुटला हाये."

मी खाली पाहिलं. बुटांखाली थेट तुरीची शेतं होती. दोरी होती, पण लांब होती. घसरले असते तर आत नाही, दाराबाहेर लोंबकळले असते. पट्टा लावायला हात हवा होता आणि दोन्ही हातांत कॅमेरा होता. तो सोडता येत नव्हता. भावानंच पायलटला सांगितलं. त्यानं घाई न करता हेलिकॉप्टर सरळ केलं. मग मी कॅमेरा गुडघ्यांत दाबून पट्टा शोधला, पण टोक बकलात जाईचना.

आम्ही परत उतरलो. कॅमेऱ्याचा तळ बकलावर घासून त्याची पट्टी उचलली गेली होती. पायलटनं बकलावर चिकटपट्टी लावली. भावानं दोरी एवढी आखूड केली की माझा खांदा दाराबाहेर जाणार नाही. खाली थांबलेल्या बाई म्हणाल्या, राहू द्या, हे दृश्य नसलं तरी चालेल.

"तुले जमत नसीन तर मी जातो," भाऊ म्हणाला. त्याला त्या दारात बसवायची कल्पना मला माझ्या भीतीहून जड गेली. मी म्हटलं, मी जाते, पण लहान कॅमेरा घेऊन. चेहरे येणार नाहीत. बाईंनी मान डोलावली. ऊन चढलं की काळी माती तापते आणि वर हवा उसळ्या मारते, त्यामुळे लगेच निघावं लागलं.

कॅमेरा डोळ्याला लावूनही भीती गेली नाही. कोपरानं मी सारखं बकल चाचपत होते. खाली पूर्णा बारीक, मातकट, वळणं घेत चाललेली. पुढं शेतांत खाऱ्या मातीचे पांढरट चट्टे दिसू लागले. अकोल्यात हेलिकॉप्टर टेकलं. भावानं धरून उतरवलं.

दृश्य माहितीपटात आहे. सुरुवातीला क्षितिज जरा हलतं.

परतीला हेलिकॉप्टरमध्ये जागा होती, पण आम्ही दोघं एसटीनं निघालो. मूर्तिजापूर मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघत भाऊ म्हणाला, "मायले सांगू नको."

मी सांगितलं नाही.