ओक्काआजी आणि पहिल्याच कपाला उठलेला पाहुणा

ओक्काआजीचं बोलणं तोडून टाकल्यासारखं. बंदरावर बोटीची तिकिटं विकण्यात तिचा जन्म गेला, त्यामुळे "सुट्टे काढा आणि पुढे व्हा" याच सुरात ती पाद्रीबाबांशीही बोलते. पण घरी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, ही जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आम्हा पूर्व फ्रिसियातल्या लोकांची खोड तिलाही आहे. चहा म्हणजे तीन कप. त्याआधी उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं.

एका दुपारी तिचा फोन वाजला. आवाज असा मऊ, की पावाला लावून खावा.

"हार्म्सबाई, पोलीस बोलतोय. तुमच्या गल्लीत चोर पकडलेत, पण दोघं निसटलेत हो. घरात सोनंबिनं काही?"

"आईचा ब्रोच आहे," आजी बोलून गेली. जाळीकामाचा, आईने लग्नात घातलेला. तो नातीला, फेन्नाला तिच्या लग्नात द्यायचं तिने कधीचं ठरवलं होतं.

"अरेरे! मग तो आमच्याकडे सुरक्षित ठेवू. माणूस पाठवतो. फोन ठेवू नका, आणि कुणाला एक अक्षर सांगू नका बरं!"

घाबरून आजीने ब्रोच पिशवीत घातला. तेवढ्यात दारात एक तरुण हजर. कसलंसं ओळखपत्र नाकासमोरून फिरवून म्हणाला, "मी इथलाच, ऑरिख गावचा. द्या पिशवी."

"आधी बसा."

"वेळ नाहीये हो, बाई."

"चहाला?"

बसला बिचारा. आजीने कपात खडीसाखर टाकली, वर चहा ओतला, कडेने अलगद साय सोडली. ती आपोआप वर फुलते. आमच्याकडे कुणी ढवळत नाही. याने चमचा घालून खळखळ ढवळलं, एका घोटात संपवलं आणि उठला.

टेबलावरचा फोन किरकिरला, "झालं का? आवरा!"

ऑरिखचा म्हणे, आणि चहा ढवळून पहिल्याच कपाला उठतो! आजीचं डोकं तिथे अडकलं, मग भराभरा पुढे धावलं. पोलीस कधी घरी येऊन सोनं मागतात? कुणाला सांगू नका कशाला? आणि एवढी घाई कुणाला?

तिने पिशवीतून ब्रोच काढला आणि स्वेटरवर टोचला.

"राखायचाच तर मी राखते. तू नीघ."

"बाई, पोलिसांच्या कामात अडथळा आणताय!"

"आणतेय. लिहून घे."

आणि दार उघडून जिन्यात जी आरोळी ठोकली! "अहो, वर कोण आहे? माझ्याकडे पोलीस आलेत म्हणे! या बघायला!"

वरच्या मजल्यावरून माझी आई आणि मी धावत जिन्यात येईपर्यंत तो धडाधड खाली उतरलासुद्धा. आजी फोनवर म्हणाली, "तुमचा माणूस गेला. आता तुम्ही," आणि रिसीव्हर आपटला. मग माझ्या आईच्या मोबाइलवरून तिने स्वतः पोलिसांचा एकशेदहा फिरवला.

खरे पोलीस आले. म्हणाले, "बाई, पहिल्याच वाक्याला फोन ठेवायचा. दार तर उघडायचंच नाही."

"चुकलंच," आजी म्हणाली. ब्रोच मात्र काढेना. तशीच बसून तिने फेन्नाला फोन लावला.

"ब्रोच आजच घेऊन जा."

"अगं आज्जी, पण माझं लग्न कुठे ठरलंय?"

"तुझ्या लग्नाचं तू बघ. ब्रोच फोनवर कुणी मागितला तर?"

"ठेवून देईन फोन."

"लगेच?"

"लगेच."

"नमस्कार-चमत्कार न करता?"

"न करता, आज्जी."

"मग ये."