पाणी न पाजता लिहिलेला अहवाल

मी बावीस वर्षे पोलीस पाटील होतो. आमचे गाव देवरीच्याही पलीकडे, जंगलात आहे. गावाखालचा नाला ओलांडला की थोड्याच अंतरावर छत्तीसगडची हद्द लागते. दर आठवड्याला ठाण्यात अहवाल देणे हे माझे काम होते. बहुतेक अहवालांत एकच ओळ असे: गावात सर्वत्र शांतता आहे. ती लिहिण्यासाठी गावात फिरावे लागत नाही. मीही पुष्कळदा ओसरीवर बसूनच ती लिहिली. त्याचा मला अभिमान नाही.

शांतता होतीच असे नाही. जंगलात बंदूकवाले होते आणि पोलीस त्यांच्या मागावर होते. दोघांनाही गावातल्या कुणाचे तरी नाव हवे असे. गावाने नावे घेणेच सोडून दिले होते. अशा काळातही मंगळवारचा बाजार कधी चुकला नाही. मोहाच्या झाडांखाली तो भरे. नाल्यापलीकडची माणसे चारोळी, लाख, सुकी मासळी घेऊन येत आणि मीठ, तेल, कापड घेऊन परतत.

त्या बाजारात पहिल्या मोहाखाली बांबूची सुपे व टोपल्या विकणारी एक बाई बसे. ती माझ्याच वयाची. नवरा लवकर गेला होता. एक मुलगी, तीही बाजारात तिच्यासोबत बसे. बाजार होता म्हणून त्या घरात चूल पेटत होती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षीची गोष्ट. एका मंगळवारी चार पुरुष बाजाराच्या कडेला उभे दिसले. धुतलेले कपडे, हातात पिशवी नाही. त्यांनी काही विकत घेतले नाही. कोणाशी बोललेही नाहीत. नुसते उभे राहून पाहत होते.

आमच्या गावचा एक रिवाज आहे. परक्या माणसाला आधी पाणी द्यायचे. ते पिऊन झाल्याशिवाय त्याला गाव विचारायचे नाही, आणि पिऊन झाल्यावर त्याने गाव लपवायचे नाही. त्या दिवशी मला ठाण्यात जायचे होते. बस सुटण्याच्या बेतात होती. पाणी देण्यास वेळ नव्हता, म्हणून मी गाव विचारले नाही. बसमध्ये गुडघ्यावर कागद ठेवून लिहिले: चार अनोळखी इसम बाजारात संशयास्पद रीतीने वावरताना आढळले.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

आठवड्याभरात आदेश आला. सुरक्षेच्या कारणास्तव बाजार पुढील आदेशापर्यंत बंद. पोलिसांनी नाल्यापलीकडच्या गावांत चौकशी केली. चौघे सापडले नाहीत. ज्या साहेबांनी आदेश काढला त्यांची बदली झाली. नंतरचे साहेब म्हणाले, मी काढलेला नाही, मी कसा उठवू? त्यांचीही बदली झाली. तोवर मी निवृत्त झालो. माझी जागा रिकामी राहिली. ती आजही रिकामी आहे.

बाजार बंद झाल्याने गाव सुरक्षित झाले, असे कागदावर आहे. पूर्वी नाल्यापलीकडची निदान पन्नास माणसे आम्हांला तोंडओळखीने माहीत होती. कोण आजारी आहे, कोणाकडे पाहुणा उतरला आहे, हे मंगळवारी कळे. आता कोण नाला ओलांडून येतो आणि कशासाठी, हे गावात कोणालाही सांगता येत नाही. चहावाल्याने टपरी उचलली. तरुण जोडपी कामासाठी हैदराबादकडे गेली. गोंदियाचा एक व्यापारी महिन्यातून एकदा गाडी घेऊन माल विकत घ्यायला दारात येतो. "माई, मार्केट में माल पड़ा है," असे म्हणतो आणि भाव तोच ठरवतो. दुसरे गिऱ्हाईक नसल्याने माईला ऐकावे लागते.

दोन वर्षांपूर्वी, धान मळणीच्या आधी, मला सूप हवे होते. मी त्या बाईच्या घरी गेलो. ती अंगणात बांबू सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"या जी पाटील. सूप पायजे? बाजारातून काऊन नाई घेतलं?"

मी अंगणाच्या कडेला टेकलो.

"हो, बाजार तर तुमीच खाल्ला."

"मी पाहिले ते लिहिले," मी म्हणालो.

"काय पायलं?"

"चार अनोळखी माणसे."

तिने कोयता खाली ठेवला. "माह्या पोरीले पायाले आले होते ते. पोलीस घरोघरी इचारून राहिले म्हनून भेले. निरोप धाडला, पोलिसांच्या गावची पोरगी नोको."

"हे तेव्हाच का सांगितले नाही?"

"तुमी इचारलं होतं का?"

आमच्या भागात मुलाकडची माणसे एकदम घरी येत नाहीत. आधी बाजारात येऊन दुरून पाहतात. मुलगी गिऱ्हाइकाशी कशी बोलते, मायलेकींचे पटते का, हे पाहतात. त्या वेळी ओळख द्यायची नसते, काही घ्यायचेही नसते. हे मला माहीत नव्हते असे नाही. माझ्या लग्नाआधी माझे वडील असेच एका बाजारात दोन तास उभे होते.

तिची मुलगी पुढे दूर दिली. बाई एकटी राहिली. सुपे डोक्यावर घेऊन दूरच्या बाजाराला जाते. गुडघे धरतात. यंदा तिने मला सांगितले, "या साली बाजार नाई बसला तं कोयता ठेवून देतो. पोरीच्या दारी जाऊन राहीन."

बाजार उघडण्याचे विचारायला मी आदेश जिथून निघाला होता त्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने जुनी फाईल काढली. माणूस वाईट नव्हता.

"पोलीस पाटलाचा अनुकूल अहवाल लागेल, काका."

"पोलीस पाटील नाही."

"भरती झाली की येईल."

"कधी?"

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक करा ना. तुम्ही नोकरीत होता तेव्हाची तारीख टाका. 'सर्वत्र शांतता' एवढंच लिहा. मी फाईलला लावतो, कोण बघतंय?"

ती ओळ मी शेकडो वेळा लिहिली होती. आणखी एकदा लिहिली असती तर बाजार उघडलाही असता. हात कागदाकडे गेला होता, हे नाकारत नाही. पण मागची तारीख माझ्याने टाकवली नाही. मी त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले, की ते चौघे मुलगी पाहण्यास आले होते, मी दुरून पाहिले, विचारले नाही, चूक माझी आहे. खाली सही केली.

बाबूने दोनदा वाचले. "तुम्ही आता सेवेत नाही. याची नोंद मी कुठे करू?" त्याने कागद परत दिला.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी मोहाखाली पाण्याचा माठ नेऊन ठेवला. बाईला निरोप धाडला होता. ती पाच सुपे घेऊन आली आणि आपल्या जुन्या जागी बसली.

"आता तुमालेच धरून नेतीन पाटील," ती म्हणाली.

"नेऊ देत."

"जेवन तरी भेटन तिथं."

येणाऱ्या-जाणाऱ्याला मी पाणी दिले आणि गाव विचारले. नाल्यापलीकडचे दोघे थांबले. त्यांनी एक सूप नेले. दुपारी मोटारसायकलवर एक हवालदार आला. तो आमच्या भागात नवा होता.

"बाजार बंद आहे ना इथला? माहीत नाही?"

"माहीत आहे. आधी पाणी प्या."

ऊन होते. तो प्यायला. मग मी त्याला गाव विचारले. त्याने बुलढाण्याकडचे सांगितले. घरी आई एकटी असते, हेही सांगितले. मग वही काढली.

"मला लिहावं लागेल, बाबा."

"लिहा," मी म्हणालो. "विचारून लिहा."

तो बाईसमोर उकिडवा बसला. तिचे नाव विचारले, काय विकते ते विचारले, केव्हापासून ते विचारले. तिने सगळे सांगितले. मुलीची सोयरीक मोडली तेही. तो बराच वेळ लिहीत होता. मग आम्हांला उठायला न सांगता निघून गेला.

त्याच्या वहीतले पुढे कुठे गेले, मला माहीत नाही. आदेश उठलेला नाही. बाईने कोयता अजून ठेवून दिलेला नाही. दर मंगळवारी मी माठ भरून नेतो.