मामांचा बर्फ

अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात ढगांकडे सगळ्यात जास्त वेळ बघत बसलेला माणूस कोण, असं विचारलंत तर मी बेलाशक माझ्या बायकोच्या मामांकडे बोट दाखवीन. रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये जन्म काढून ते रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून बर्फाचे डोंगर रंगवायला लागले. तेही फोटोवरून नाही. "फोटोत वारा येत नाही रे," म्हणायचे. मग तीन तास ड्राइव्ह करून रेनियर पर्वतावर जायचं, बर्फात स्टूल मांडायचं आणि शिखरावरचा ढग हटायची वाट बघायची. नाहीच हटला तर कोरा कागद घेऊन परत. त्या कोऱ्या कागदावरही मामा तारीख घालून ठेवत!

थंडीत वॉटरकलर गोठायचे. कुणीतरी सांगितलं, पाण्यात थोडी वोडका घाला. आयुष्यात सोडावॉटरच्या पुढे न गेलेले मामा दुकानात गेले आणि "चित्रांसाठी हवी आहे" असं काउंटरवरच्या मुलीला, तिने काही विचारलेलं नसताना, तीनदा सांगून आले. दुकानाच्या दारातच आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भेटले. त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, माझीसुद्धा चित्रांसाठीच असते."

मामा बर्फात रंगवत असत तोवर मामी गाडीत हीटर लावून शब्दकोडी सोडवत. चित्र झालं की मामा काचेवर टकटक करत, मामी "छान झालंय" म्हणत, आणि मामा "सावली चुकलीय" म्हणून आठवडाभर उदास. पण काय बर्फ काढायचे! निळा, जांभळा, कडेला किंचित पिवळा. भर जुलैत त्या चित्रासमोर उभं राहिलं तरी मला स्वेटर आठवायचा.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं झाली, पण हात ऐकेना. मामांनी रंग कपाटात टाकले आणि डोंगराचं नावच काढेनासे झाले. शेवटी मामी म्हणाल्या, "चला, नुसतं बघून तरी येऊ."

मी गाडी काढली. पोचलो तर शिखर लख्ख उघडं! मामा डाव्या हाताने उजवा हात धरून बघत राहिले. मामींनी गुपचूप आणलेली रंगांची पेटी डिकीतून काढली.

"तुम्ही सांगा, मी काढते."

"तुला कुठे येतं?"

"इतकी वर्षं काचेतून बघतेय की!"

मामींचा डोंगर डावीकडे कलला, बर्फ नको तितका निळा झाला. मामांनी एकही चूक काढली नाही. "इथे जरा पाणी घे," एवढंच अधूनमधून पुटपुटत होते. ढग आला तेव्हा मामींनी ब्रश खाली ठेवला.

"कसं झालंय?"

कागद घेताना मामांची बोटं मामींच्या बोटांना लागली.

"हात किती गार पडलेत तुझे," ते म्हणाले, आणि ते हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिले.