साईचं अक्षर

आमचे हे, म्हणजे ज्ञानेश, सतरा वर्षं फौजेत होते. हवालदार म्हणून रिटायर झाले आणि नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ दोन खोल्यांत आमचा संसार पहिल्यांदा एका छपराखाली आला. एवढी नोकरी केली की फौज पदवीच्या तोडीचा एक कागद देते. तो आमच्या कपाटात आहे. पण ह्यांना तो पुरेना. "वर्गात बसून, पेपर लिहून मिळवलेली पदवी पाहिजे मला," म्हणाले आणि एकोणचाळिसाव्या वर्षी बी.ए.ला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर अंबडला एका कंपनीच्या गेटवर ड्यूटी.

पहिल्या दिवशी सर वर्गात आले तसे हे खाडकन सावधानमध्ये उभे राहिले. त्यांना बघून अख्खा वर्ग उभा राहिला. तेव्हापासून कॉलेजात ह्यांचं नाव 'मेजर' पडलं. परीक्षेत सरांना पाणी प्यायला जायचं असलं तरी ते म्हणायचे, "मेजर, जरा पोरांवर लक्ष ठेवा." हे मी शेजारणींना त्यांचे कान किटेपर्यंत सांगितलं होतं.

अभ्यासाचं मात्र अवघड होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल जोडणारा माणूस अर्थशास्त्राच्या व्याख्यांपाशी अडायचा. रात्री पाठ केलेलं सकाळी साफ. आमची साई सातवीत. तिनं बापाची दया येऊन सगळ्या व्याख्या बारीक, गोल अक्षरात एका कागदावर उतरवून दिल्या. "गेटवर बसून वाचा, पप्पा." ह्यांनी वाचल्याही. आणि पेपरच्या दिवशी त्या कागदाची घडी करून माजी सैनिकाच्या ओळखपत्राच्या कव्हरात, कार्डाच्या मागे सरकवली.

दुसऱ्या प्रश्नाला ती घडी बाहेर आली. पंख्याच्या वाऱ्यानं उडाली ती थेट शेजारच्या बाकाखाली. तिथं मैना बसली होती. वणीहून पहाटेच्या एसटीनं येणारी, वीसेक वर्षांची मुलगी. सरांनी कागद उचलला. "कोणाचा आहे हा?"

फौजेत बराकीत काही सापडलं आणि कवायत घेणाऱ्या उस्तादानं असं विचारलं, की कोणी तोंड उघडत नाही. मग सगळ्यांना मिळून रगडा. एकाची चूक, सगळ्यांची शिक्षा. त्या सवयीनं ह्यांचं तोंड मिटलं. वाटलं, सर आता सगळ्या वर्गाला उभं करतील. पण कॉलेजात तसं नसतं, तिथं एकालाच धरतात. सरांनी ते बारीक, गोल, मुलीसारखं अक्षर पाहिलं आणि मैनाचा पेपर ओढून घेतला.

"माझा नाय सर, आईशप्पथ नाय," ती रडायला लागली. "मेजरकाकांना इचारा. ते शेजारीच हायेत."

सरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मी काही पाहिलं नाही, सर."

"सवय तिथंच संपली होती, रूपाली," हे मला नंतर म्हणाले. "पुढचा सगळा भित्रेपणा."

दुपारी घरी आले तर साई दारातच. "पप्पा, माझ्या कागदातलं आलं का?" "आलं," एवढंच बोलले. ताट पुढे आलं तसं बाजूला सरकवलं. ड्यूटीवर गेले नाहीत. साई शिकवणीला गेल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ती पोर काय, देईल पुन्हा परीक्षा. तुमचं नाव गेलं तर परत यायचं नाही." हे लिहितानाही माझी मान खाली जाते. हे उठून गॅलरीत गेले.

सकाळी प्राचार्यांकडे जाऊन त्यांनी कबुली दिली. प्राचार्य खुर्चीतून उठले, ह्यांना बसवलं, चहा मागवला. "मेजर, तुमच्यासारखा माणूस दुसऱ्याचं ओझं अंगावर घेणारच. पण अक्षर मुलीचं आहे हो. ते का आम्हाला कळत नाही?" हे परत परत सांगत राहिले. जितकं सांगावं तितकं कौतुक वाढत गेलं. बाहेर बाकावर मैनाचे वडील बसले होते. आत आपल्या मुलीसाठी कोणी बोलतंय असं त्यांना शिपायानं सांगितलं असावं. त्यांनी उठून ह्यांना वाकून नमस्कार केला.

"त्या माणसानं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं," हे म्हणाले.

साई शाळेतून आली तेव्हा हे जमिनीवर बसून तिची वाट बघत होते. "साई, तुझी मराठीची वही दे."

"कशाला?"

ह्यांनी तिला समोर बसवलं आणि काही न गाळता सांगितलं. कार्डामागची घडी, मैनाचं रडणं, "मी पाहिलं नाही" हेसुद्धा, आणि प्राचार्यांना अक्षर दाखवायला वही हवी तेही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

साईनं दप्तरातून वही काढली, पण दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली.

"अक्षर तर माझं आहे, पप्पा. मग मला पण उभं करतील का?"

"नाही," हे म्हणाले, पण तिच्याकडे बघून त्यांना ते म्हणता आलं नाही.

मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या. कॉलेजात आम्ही तिघंही गेलो.